सावकाश लागू पडणारी नत्रखते

पिकाची नत्राची भूक सर्व हंगामभर सारखी नसते. रोप लहान असता ती थोडी असते व वाढीच्या काळात वाढत जाते. युरिया मात्र पिकाच्या भुकेची वाट पाहत नाही. ओलसर जमिनीत पडताच थोड्या दिवसांत त्याचे अमोनियम बनते व पुढे जंतूंच्या क्रियेने नायट्रेट तयार होते. अमोनियम मातीच्या कणांना धरून राहते. नायट्रेटला माती धरून ठेवीत नाही. जोराचा पाऊस झाला म्हणजे ते पाण्याबरोबर मुळांच्या खाली निघून जाते. यात पैसा तर वाया जातोच, शिवाय विहिरीचे पाणी दूषित होण्याचा धोका असतो.

ही हानी टाळण्यासाठी सावकाश नत्र देणारी खते तयार करण्यात आली. त्यांपैकी तीन प्रमुख खते पुढीलप्रमाणे होत.

(१) युरिया-फॉर्माल्डिहाइड : यात सुमारे ३८ टक्के नत्र असते. त्याचा बराचसा भाग पाण्यात सहज विरघळत नाही. जमिनीतील जंतू तो हळूहळू फोडतात. म्हणून उबदार व ओलसर जमिनीत नत्र लवकर मिळते, थंड किंवा कोरड्या जमिनीत उशिरा.

(२) आयबीडीयू : यात सुमारे ३१ टक्के नत्र असते. हे फोडण्याचे काम मुख्यतः पाणी करते व त्यापासून पुन्हा युरिया बनतो. दाणा मोठा असल्यास वेळ अधिक लागतो. आम्ल जमिनीत ही क्रिया जलद होते.

(३) गंधकलेपित युरिया : लेपाच्या छिद्रांतून व भेगांतून पाणी आत शिरते आणि युरिया थोडा थोडा बाहेर येतो. भारतात २०२३ साली 'युरिया गोल्ड' या नावाने असे खत पुढे आले. त्यात ३७ टक्के नत्र व १७ टक्के गंधक असते.

पहिली दोन खते महाग असल्याने ती प्रामुख्याने हिरवळी, रोपवाटिका व फुलझाडे यांसाठी वापरली जातात.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. देशात बनणाऱ्या सर्व युरियास कडुनिंबाच्या तेलाचा लेप देणे २०१५ साली सक्तीचे झाले. या लेपामुळे अमोनियमचे नायट्रेट होण्याची क्रिया मंदावते. परंतु दाणा पाण्यात लवकरच विरघळतो. तेव्हा लेप आहे म्हणून सर्व मात्रा एकाच वेळी देणे योग्य नव्हे. ती पिकाच्या वाढीप्रमाणे हप्त्यांनी विभागूनच द्यावी.

भाताच्या खाचरात हाच हेतू युरिया-डीएपी ब्रिकेटने साधता येतो. चारसूत्री पद्धतीत २.७ ग्रॅम वजनाची एक ब्रिकेट चार चुडांच्या मध्यभागी ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचतात. तेथे हवा पोचत नसल्याने अमोनियम टिकून राहते व मुळांना पुरते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी खत सुचविताना केवळ पिशवीवरील नत्राचा आकडा न पाहता, ते नत्र जमिनीत केव्हा व कशाने सुटेल, हेही शेतकरी बंधूंना समजावून द्यावे.