दीड, दोन, तीन, चार : पोलंडच्या मधाच्या दारूचं गणित

सोलापुरात मधाच्या दारूवर व्याख्यान म्हटल्यावर गर्दी बरी झालीय. (हशा) सुरुवातीलाच सांगतो, मी पिण्याचा प्रचार करायला आलेलो नाही. आजचा प्रश्न वेगळा आहे : एखादी जुनी रीत टिकते कशामुळे, आणि दुसरी हातातून निसटते कशामुळे?

पोलंड आपल्याला अगदी परका नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ ते १९४८, कोल्हापूरजवळ वळिवडे इथे सुमारे ५००० पोलिश निर्वासित राहिले होते. त्यांच्या भाषेत मधाला 'म्यूत' म्हणतात. आपला 'मध', संस्कृत 'मधु' आणि हा 'म्यूत' एकाच कुळातले. गंमत अशी, की मध आणि मधाची दारू या दोन्हींना तिथे हाच शब्द चालतो. फरक करायचाच झाला, तर दारूला ते 'पिण्याचा मध' म्हणतात.

आता हा पिण्याचा मध होतो कसा? पोळ्यात नीट पिकलेला मध बरणीत वर्षानुवर्षं टिकतो, कारण त्यात पाणी फार तर पाचवा हिस्सा असतं. एवढ्या गोडीत यीस्टला वाढता येत नाही. पण मध घाईनं, कच्चा काढला, तर झाकण उघडताना फेस येतो. आपण म्हणतो, मध आंबला. हेच काम मुद्दाम, मापानं पाणी घालून केलं की मधाची दारू होते. इंग्रजीत तिला 'मीड' म्हणतात.

पोलंडमध्ये सगळं या मापावर उभं आहे. तिथे चार प्रकार आहेत आणि चारही नावं म्हणजे निव्वळ आकडे. एक माप मधाला अर्धं माप पाणी, एकूण झालं दीड. त्याचं नाव 'पुउतोराक', म्हणजे दीडवाला. दीडला आपल्यासारखाच त्यांच्याकडेही स्वतंत्र शब्द आहे, बरं का! एकास एक, तो 'द्वुइन्याक'. एकास दोन, तो 'त्रुइन्याक'. एकास तीन, तो 'च्वुर्न्याक'. द्वि, त्रि, चतुर् ऐकू आले ना?

मध जितका जास्त, तितकं थांबणं जास्त. च्वुर्न्याक किमान ९ महिने मुरवायचा, त्रुइन्याक १ वर्ष, द्वुइन्याक २ वर्षं आणि पुउतोराक ३ वर्षं. म्हणजे दीडवाला करणाऱ्याचे पैसे ३ वर्षं पिंपात अडकून पडतात. तिथे द्राक्षं कमी आणि जंगलं भरपूर, म्हणून एके काळी सरदारांच्या पंगतीत याला मान होता. जिवंत झाडाच्या खोडात पोकळी कोरून मधमाश्या पाळायची तिथली कला २०२० साली युनेस्कोच्या यादीत आली. पण पुढे धान्यापासून झटपट होणारी स्वस्त व्होडका आली आणि हे सावकाशीचं पेय मागे पडलं.

२००८ साली युरोपीय संघानं ही चार नावं 'पारंपरिक खासियत' म्हणून नोंदवली. याचा अर्थ सोलापूरकरांना चटकन कळेल. आपल्या सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, ते नाव गावाला बांधलेलं आहे. पोलंडची ही नावं गावाला नाही, रीतीला बांधलेली आहेत. माप चुकलं किंवा मुरवणं कमी पडलं, तर ते नाव लावता येत नाही. घेणाऱ्याला नुसत्या नावावरून कळतं, आत मध किती आणि वाट किती दिवस पाहिली.

आता आपल्याकडे बघा. मधाच्या आसवांची माहिती आयुर्वेदाला होती. लग्नात वराला आपण आजही मधुपर्क देतो. मोहाची दारू तर आदिवासी समाजात सणाला, लग्नाला, देवाला लागायची. पण १८७८ चा मुंबई आबकारी कायदा आला आणि दारू म्हणजे सरकारी महसूल, असं ठरलं. १८९२ च्या कायद्यानं तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुलं गोळा करण्यावरच बंदी आली. घरची रीत रातोरात चोरी ठरली. चोरीच्या मालाची कृती कोण लिहून ठेवणार? त्याची प्रत कोण तपासणार? घाईत, लपून गाळलेल्या दारूनं बदनामी झाली, ती मोहाची.

अलीकडे चित्र थोडं बदलतंय. पुण्याची मूनशाइन, नाशिकची सेराना असे मधाची दारू करणारे कारखाने उभे राहिले. आपल्या सातेरी मधमाशीचं शास्त्रीय नाव एपिस सेराना, हे जाता जाता सांगतो. देशाच्या अन्नसुरक्षा नियमांत 'मीड'चे निकष २०२३ च्या दुरुस्तीनं आले आणि मार्च २०२४ पासून लागू झाले. मधाला कागदावर जागा मिळाली.

पोलंडकडून घेण्यासारखं आहे ते एवढंच. कुणी प्यावं, कुणी पिऊ नये, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण माप, वेळ आणि नाव यांची नोंद झाली, तर रीत करणाऱ्याच्या पश्चातही राहते. मोहाची रीत जाणणाऱ्या म्हाताऱ्या बायका गावोगावी आज आहेत. त्यांच्याजवळ बसून ती लिहून घ्यायला कुठल्याही परवान्याची गरज नाही.

आता प्रश्न घेऊया.