कार्यरत प्रकाश-उत्प्रेरकाचा वर्णपटीय अभ्यास : हायड्रोजन निर्मितीच्या संदर्भात

जालना जिल्ह्यात ऊन मुबलक, पाणी तुटपुंजे. पाण्याच्या विघटनातून 1 किलो हायड्रोजन मिळविण्यास सुमारे 9 लिटर पाणी लागते. तेव्हा प्रश्न पाण्यापेक्षा उत्प्रेरकाचा अधिक आहे. 1972 मध्ये फुजिशिमा व होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या विद्युतअग्रावर प्रकाशाच्या साहाय्याने हे विघटन दाखविले. प्रकाशाने सुटे झालेले इलेक्ट्रॉन व धनविवरे पुन्हा एकत्र येऊ नयेत, म्हणून या पदार्थावर प्लॅटिनम किंवा तांब्याचे सूक्ष्म कण बसवितात.

खरी अडचण येथेच उद्भवते. तांबेयुक्त टायटॅनियम डायऑक्साइडची फिकट भुकटी ऑक्सिजनविरहित, मिथेनॉलमिश्रित पाण्यात अतिनील प्रकाशाखाली ठेवल्यास तांब्याचे क्षपण होऊन ती काळसर होते. हवा लागताच रंग बहुधा पूर्ववत होतो. म्हणजे प्रयोगानंतर गाळून, वाळवून घेतलेला वर्णपट कार्यरत उत्प्रेरकाचा नसतो. अनेक शोधनिबंधांत मात्र तोच पुरावा म्हणून दिला जातो.

प्रकाश चालू असतानाच वर्णपट घेणे, हा त्यावरील उपाय होय. क्ष-किरण प्रकाश-इलेक्ट्रॉन वर्णपटमितीस एरवी उच्च निर्वात लागतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत वायूच्या सान्निध्यात असे मापन करणारे उपकरण उभारण्यात आले. अवरक्त किरण पाणीच शोषून घेते, तेथे रामन वर्णपटमिती सोयीची. पण तिचा लेसरच उत्प्रेरकास चालना देऊ शकतो.

अशी साधने ग्रामीण महाविद्यालयांच्या आवाक्याबाहेरची आहेत. तथापि, बंद क्वार्ट्झ क्युव्हेटमधील विरल निलंबनातून नायट्रोजन सोडून साध्या अतिनील-दृश्य वर्णपटमापकावर हा रंगबदल नोंदविता येतो. प्रकाशाच्या विकिरणामुळे आकडे अचूक येणार नाहीत, फरक मात्र दिसेल. नंतर झाकण उघडून तोच वर्णपट पुन्हा घ्यावा.