दिवेलागणीनंतरची बिनखर्ची करमणूक

सबंध कुटुंबाची करमणूक करावयाची म्हटली म्हणजे कांहींतरी विकत घ्यावें लागतें, निदान कोठें तरी जावें लागतें, अशी समजूत सध्यां घरोघर दृढ झालेली दिसते. आमच्या परभणीसारख्या गांवीं सुद्धां रात्रीं एका छपराखालीं दहा माणसें असलीं, तर दहाजण दहा कोपऱ्यांत आपापला मोबाईल घेऊन बसलेलीं आढळतात. मोबाईलची निंदा करण्याकरितां आम्हीं लेखणी हातीं घेतलेली नाहीं. त्याचा उपयोग आम्हीही करितों. परंतु जेवणानंतरचा एखादा तास सर्वांनीं एकत्र घालविण्यास कवडीचाही खर्च येत नाहीं व त्याचीं साधनें घरांतच पडलेलीं असतात, हें आम्हांस दाखवावयाचें आहे. शिवाय ह्या ‘बिनखर्ची’ करमणुकीचा एक छुपा खर्च असतो आणि तो बहुधा एकाच व्यक्तीच्या माथीं पडतो, तेंही येथें स्पष्ट सांगणें अवश्य आहे.

प्रथम चिंचोक्यांचा खेळ घेऊं. यास कोठें अष्टाचंगा, तर कोठें चल्लस-आठ म्हणतात. फरशीवर खडूनें पांच आडव्या व पांच उभ्या ओळींचीं पंचवीस घरें आंखावीं. चारी बाजूंचीं मधलीं घरें व अगदीं मध्यावरचें घर अशा पांच घरांवर फुल्या माराव्या. दोन चिंचोके फोडून चार फांका केल्या म्हणजे प्रत्येकीची एक बाजू काळी व दुसरी पांढरी होते. जितक्या पांढऱ्या बाजू वर पडतील तितकें दान. चारही काळ्या पडल्या तर आठ. चार किंवा आठ पडल्यास पुन्हां टाकण्याचा हक्क मिळतो. मणी, बटणें, तुरीचे दाणे अशा कोणत्याही जिनसांच्या चार-चार सोंगट्या चालतात. आपल्या बाजूच्या फुलीवरून निघावयाचें, बाहेरच्या सोळा घरांची फेरी करावयाची, मग आंतील आठ घरांतून उलट दिशेनें फिरून मध्यावर पोंचावयाचें. फुलीवरच्या सोंगटीस कोणी मारूं शकत नाहीं, आणि दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आंत शिरतां येत नाहीं, असा नियम अनेक घरांत पाळतात. या खेळाचा मोठा गुण असा कीं, दान कोणाचें वय पाहात नाहीं. सात वर्षांची नात आजोबांची सोंगटी बिनदिक्कत मारते, आणि आजोबांस ती हंसत उचलून घ्यावी लागते.

ज्यांस सोंगट्यांचा कंटाळा आहे त्यांच्यासाठीं शब्दांचे खेळ आहेत, व त्यांची परंपरा मोठी जुनी आहे. वात्स्यायनानें दिलेल्या चौसष्ट कलांच्या यादींत प्रहेलिका म्हणजे कोडीं, प्रतिमाला म्हणजे आपली अंत्याक्षरी, दुर्वाचकयोग म्हणजे उच्चारास कठीण शब्दांची जुळणी, आणि समस्यापूर्ति ह्या कला गणलेल्या आहेत. दंडीनें तर काव्यादर्शांत कोड्यांचे सोळा प्रकार वर्णिले आहेत. म्हणजे आपल्या मुलीबाळी जिभेला गांठ पडणारीं वाक्यें भराभर म्हणूं लागल्या तर त्या वेळ फुकट दवडीत नसून एका मान्य कलेचा अभ्यास करीत आहेत, असें समजावें. सिनेमाच्या गाण्यांची अंत्याक्षरी सर्वांस ठाऊक आहे. आम्ही गांवांच्या नांवांची अंत्याक्षरी सुचवितों. पालम म्हटल्यावर मानवत, मानवतनंतर ताडकळस, त्यानंतर सोनपेठ. येथें ‘ठ’ आला कीं सगळे गप्प होतात, आणि मग कोणीतरी ठाणें म्हणून सुटतो. ‘ण’ आल्यास ‘न’ घ्यावा, म्हणजे नांदेडवरून डहाणूपर्यंत गाडी सुखरूप जाते. ज्या गांवाचें नांव घ्यावयाचें तें कोणत्या दिशेस आहे हेंही सांगण्याची अट घातली, तर भूगोलाची उजळणी निराळी करावी लागत नाहीं.

गणिताची भीति बाळगणाऱ्या मुलांकरितां भास्कराचार्यांची लीलावती उघडावी. इ. स. ११५० च्या सुमारास लिहिलेल्या या ग्रंथांतील उदाहरणें फळ्यापेक्षां ओसरीवरच जास्त शोभतात. एका उदाहरणाचा आशय असा: भुंग्यांच्या थव्याचा पांचवा भाग कदंबावर गेला, तिसरा भाग शिलींध्राच्या फुलावर गेला, ह्या दोन भागांतील अंतराच्या तिप्पट भुंगे कुड्यावर गेले, आणि एक भुंगा अधांतरीं फिरत राहिला, तर एकंदर भुंगे किती? शेंगदाणे मांडून सहावी-सातवीचें मूल पंधरा हें उत्तर काढूं शकतें: तीन, पांच, सहा आणि उरलेला एक. उत्तर निघाल्यावर शेंगदाणे खाऊन टाकण्यास हरकत नाहीं.

घरास माळवद किंवा गच्ची असेल तर हिंवाळ्यांतील निरभ्र रात्र वायां जाऊं देऊं नये. हात ताठ पुढें करून मूठ वळली असतां ती आकाशाचे सुमारें दहा अंश झांकते. मुलाची मूठ लहान असली तरी त्याचा हातही आंखूड असतो, म्हणून हिशेब चुकत नाहीं. परभणीचे अक्षांश सुमारें १९ आहेत. अर्थात् उत्तर क्षितिजापासून मुठीवर मूठ ठेवून दोन मुठी मोजल्या कीं ध्रुवतारा तेथेंच सांपडतो. फेब्रुवारींत रात्रीं नऊच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून जवळजवळ तितक्याच उंचीवर पाहावें; तेथें अगस्त्य दिसतो. रात्रीच्या ताऱ्यांत तेजानें पहिला व्याध आणि दुसरा अगस्त्य. दोन्ही एकाच वेळीं पाहावयास मिळतात, आणि तिकीट लागत नाहीं.

ज्या भाग्यवान घरांत पंचाऐंशीच्या पुढचे आजी-आजोबा आहेत, तेथें प्रश्नांचा खेळ मांडावा. आपलें गांव न सोडतां तीन राज्यें पाहिलेलीं हीं माणसें आहेत. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणीवर निजामाचा अंमल होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं हैदराबाद राज्यांतून मराठवाडा मुंबई राज्यांत आला. १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र झाला. प्रत्येक मुलानें एकच प्रश्न विचारावा, पण तो असा असावा कीं त्याचें उत्तर पाठ्यपुस्तकांत मिळूं नये. शाळेंत हजेरी कोणत्या भाषेंत घेत? हाली सिक्का बंद झाला तेव्हां घरांत काय बोलणें झालें? ज्याच्या प्रश्नास सर्वांत लांब उत्तर मिळेल तो जिंकला. मात्र अर्धे प्रश्न आजींस विचारलेच पाहिजेत. आजोबांच्या हकीकती बहुधा घरांत सर्वांस तोंडपाठ असतात. आजींच्या अनेकदां कोणी विचारलेल्याच नसतात.

आतां त्या छुप्या खर्चाकडे वळूं. वर वर्णिलेला प्रत्येक खेळ रात्रीं आठ-नऊच्या सुमारास सुरू होतो. त्या वेळीं घरची सून कोठें असते? ती उष्टीं काढीत असते, ओटा धूत असते, दुधाला विरजण लावीत असते, सकाळच्या डब्याची भाजी निवडीत असते, आणि बाहेर रंगांत आलेल्या डावांतून “चहा होईल का?” अशी पृच्छाही तिच्याकडेच जाते. पुष्कळ घरांत ती दिवसभर शाळेंत वा बँकेंत नोकरी करून आलेली असते. २००५ नंतरचीं कांहीं वर्षें भारनियमनामुळें खेडोपाडीं तासन् तास वीज नसे. त्या अंधारांत सर्व घर अंगणांत गप्पा मारीत बसे, ही आठवण अनेकजण मोठ्या गोडीनें सांगतात. चुलीपाशीं मिणमिणत्या चिमणीच्या उजेडांत भाकरी थापणारीस तो काळ तितकाच गोड वाटला काय, हें तिलाच विचारून पाहावें.

ही केवळ आमची कल्पना नव्हे. केंद्र सरकारनें २०१९ सालीं वेळेच्या वापराची पाहणी केली. तींत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्या कामीं दिवसाकाठीं सरासरी २९९ मिनिटें वेळ जातो आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटें, असें आढळलें. मग करमणुकीचा तास कोणाच्या वांट्यास येतो व कोणाच्या येत नाहीं, हें निराळें सांगावयास नको.

यावरील उपाय व्यस्त त्रैराशिकाचा आहे. एकटीस जें आवरण्यास एक तास लागतो, तें चौघांस पाव तासांत उरकतें. म्हणून आमची सूचना अशी कीं, स्वैंपाकघर आवरेपर्यंत डाव मांडूं नये. आणि डाव लवकर मांडावा असें ज्यांस वाटत असेल, त्यांनीं आंत जाऊन हात लावावा. ताटें उचलणें, भांडीं विसळणें, शेंगा निवडणें यांस वय किंवा मान आड येत नाहीं. खेळांत पैसा लावूं नये, हें महाभारत वाचलेल्या घरांस सांगणें नलगे. परंतु पण मुळींच नसेल तर खेळास रंग चढत नाहीं, हेंही खरें. तेव्हां जो हरेल त्यानें दुसऱ्या दिवशीं रात्रींचीं भांडीं घासावीं, असा पण ठरवावा. या पणांतून आजोबा, थोरले काका किंवा परीक्षेस बसलेला नातू कोणीही सुटूं नये.

कोणी म्हणतील, सासूबाईंसमोर सून खेळावयास बसणें, आणि त्यांतून त्यांची सोंगटी मारणें, मर्यादेस सोडून होईल. आमचें म्हणणें इतकेंच कीं, सासूबाईंनीं स्वतः चिंचोके तिच्या हातीं देऊन पहिलें दान तिला टाकावयास सांगावें. वडीलधाऱ्यांनीं जागा करून दिली म्हणजे मर्यादेचा प्रश्न उरत नाहीं. येत्या रविवारीं रात्रीं हें करून पाहावें. चिंचोके घरांत असतीलच. नसल्यास चिंच कोळावयास घ्यावी, आणि तीही ज्यास खेळण्याची घाई असेल त्यानेंच कोळावी.