दुसऱ्या आसनावरचा माणूस

पहिल्या महायुद्धातली विमानं म्हटली की डोळ्यांपुढे येतो मानफ्रेड फॉन रिख्टहोफेन आणि त्याचं लालभडक, तीनमजली पंखांचं फोकर. त्याने ८० विमानं पाडली हे खरं. पण त्या फोकरमधून जेमतेम १९. बाकीची बहुतेक दुमजली पंखांच्या अल्बाट्रॉसमधून.

या चित्रामुळे मोठा गैरसमज पक्का झाला, की विमानं आकाशात जात ती एकमेकांशी झुंजायलाच. सप्टेंबर १९१४ मध्ये पॅरिसच्या रोखाने येणारं जर्मन सैन्य वाट बदलतंय हे वैमानिकांनी हेरलं आणि मार्नच्या लढाईत त्याचा उपयोग झाला, तेव्हा विमानावर मशीनगन क्वचितच असे. पुढची चार वर्षंही मुख्य काम टेहळणीचंच राहिलं. खंदकांचे फोटो काढायचे, आपल्या तोफांचे गोळे कुठे पडतात ते बिनतारी यंत्राने कळवायचं. संदेश फक्त वरून खाली जाई. खालून काही सांगायचं तर जमिनीवर कापडाच्या पट्ट्या मांडत. लढाऊ विमानं हवी होती ती अशा संथ, दोन आसनी विमानांना पाडायला किंवा त्यांचं रक्षण करायला. रिख्टहोफेनने पाडलेल्यांत ती भरपूर होती.

विमानात वैमानिकाचाच शब्द अखेरचा, हा समजही आजचा. जर्मन दोन आसनी विमानात हुकूम सहसा निरीक्षक अधिकाऱ्याचा चाले. चालवणारा कित्येकदा त्याच्या हाताखालचा. रिख्टहोफेनची सुरुवातही निरीक्षक म्हणूनच झाली. ब्रिटिशांच्या बी. ई. २ मध्ये तर निरीक्षक पुढच्या आसनावर, पंख, खांब आणि तारांच्या जंजाळात. शत्रू मागून आला तर त्याने बंदूक रोखायची कुठून? एप्रिल १९१७ या एका महिन्यात ब्रिटिशांनी सुमारे २४५ विमानं गमावली, त्यांत बी. ई. २ बरीच.

पॅराशूट तेव्हा नव्हतंच, असंही छातीठोक सांगतात. होतं. फुग्यातून टेहळणी करणाऱ्यांना ते मिळे. जर्मन वैमानिकांना १९१८ मध्ये मिळालं. अर्न्स्ट उडेट त्याच वर्षी त्यामुळे वाचला. ब्रिटिश विमानातल्यांना मात्र युद्ध संपेपर्यंत नाही. कोलकात्याचे इंद्रलाल रॉय आणि मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंकर १९१८ च्या उन्हाळ्यात पॅराशूटविनाच लढले आणि मारले गेले. वजन वाढतं, जागा नाही, ही कारणं पुढे केली गेली. ती अगदीच खोटी नव्हती. पण पॅराशूट दिलं तर माणूस विमान वेळेआधीच सोडेल, ही शंकाही व्यक्त होई, आणि ती मला जास्त बोलकी वाटते.