तुटक्या ॲक्सलची साक्ष

जुन्या गाड्यांचे शौकीन जमले की झिजलेली बेअरिंगं, तुटके ॲक्सल हातोहात फिरतात. त्यांत ॲक्सल सर्वांत बोलका.

तुटलेल्या जागी ओहोटीनंतर वाळूवर उमटाव्यात तशा वक्र रेषा दिसल्या, तर तो एका धक्क्यात मोडलेला नाही. खाचेपाशी किंवा गंजापाशी बारीक चीर पडली, प्रत्येक फेऱ्यागणिक ती पुढे सरकत गेली आणि उरलेला धातू अचानक तुटला. तेवढाच भाग खडबडीत असतो. हा धातूचा थकवा.

१८४२ मध्ये पॅरिस-व्हर्साय रेल्वेमार्गावर इंजिनाचा ॲक्सल मोडून भीषण अपघात झाला. पुढे जर्मन अभियंते ऑगस्ट व्होलर यांनी चाचण्यांतून दाखवलं, की एकदा सहज पेलणारा भारही लाखो वेळा आला तर पोलाद तोडू शकतो.

म्हणून तुटका तुकडा कृपया घासू नये. रेषाच पुसल्या जातात.