स्वाराचं घड्याळ

डोंबिवलीच्या फलाटावर सकाळी आपण गाडीत चढत नाही, चढवले जातो. मागून लोंढा येतो, दारात मधोमध दांडा असतो आणि डावं मनगट बरोबर त्याच्यावर आपटतं. घड्याळ नेमकं त्याच हातात. तुमच्या संग्रहातलं लाडकं घड्याळ कोणतं, असं कुणी विचारलं की मी लाखांतल्या घड्याळांची नावं घेत नाही (ती माझ्याकडे नाहीतही). मी पुढे करतो ते वेस्ट एंड वॉच कंपनीचं बारकंसं, रोज चावी द्यावी लागणारं ‘सोवार प्राइमा’.

सोवार म्हणजे आपला स्वार. इंग्रजांच्या फौजेतला घोडदळाचा शिपाई साहेबाच्या स्पेलिंगमध्ये ‘सोवार’ झाला आणि तिथून डायलवर येऊन बसला. वेस्ट एंड हे नाव 1886पासूनचं. यंत्र स्विस, बाजार मात्र हिंदुस्थानचा. म्हणूनच डायलवर नावाखाली शहरं छापलेली असत: बॉम्बे आणि कलकत्ता.

या दोन शहरांवर मी बराच वेळ रेंगाळतो. 1906पासून देशाची प्रमाणवेळ एक झाली खरी, पण मुंबईनं आपली वेळ सोडली नाही. ती प्रमाणवेळेच्या 39 मिनिटं मागे होती आणि 1955पर्यंत तशीच चालली. कलकत्त्याची वेळ जवळजवळ 24 मिनिटं पुढे, ती 1948पर्यंत टिकली. म्हणजे ज्या दोन शहरांची नावं एकाच डायलवर गुण्यागोविंदानं नांदत होती, त्यांच्या घड्याळांत तासाभराहून जास्त अंतर होतं! रेल्वे मात्र प्रमाणवेळेनं धावायची. ठाणे-कल्याणच्या माणसाला मिनिटाची किंमत शिकवली तीही रेल्वेनंच. 16 एप्रिल 1853ला दुपारी 3 वाजून 35 मिनिटांनी बोरीबंदरहून सुटलेली गाडी ठाण्याला आली, पुढच्या वर्षी रूळ कल्याणला पोचले. तोवर घटका आणि प्रहर पुरत होते.

आता मागचं झाकण उघडू.

माझे घड्याळजी स्टेशनजवळच्या एका बोळात बसतात. दुकान कसलं, काचेचं कपाट आणि एक स्टूल. ते डोळ्याला भिंग चढवतात, चिमट्यानं झाकण बाजूला ठेवतात आणि भिंग मला देतात. पहिल्यांदा दिसतं ते बॅलन्सचं चाक. ते गोल गोल फिरत नाही, झोपाळ्यासारखं इकडून तिकडे जातं. त्याला परत ओढणारी केसासारखी कमान मध्येच श्वास घेतल्यासारखी फुगते, मिटते. अशा घड्याळात हे साधारण सेकंदाला पाच ठोके, तासाला 18,000, दिवसाला 4,32,000. चावी देऊन आपण मुख्य कमानीत जोर भरून ठेवतो. तो एकदम सुटू नये म्हणून हे चाक ठोक्याठोक्यानं एकेक दाता सोडतं. टिकटिक म्हणतो तो या अडवण्याचाच आवाज.

जुनं घड्याळ दिवसाला 20 सेकंद मागेपुढे झालं तर लोक नाक मुरडतात. दिवसाचे सेकंद 86,400. हिशेब करून पाहा. दहा हजार रुपये मोजताना दोन-अडीच रुपयांची चूक, तीही बॅटरी नाही, चिप नाही, नुसती पितळ-पोलादाची चाकं, आणि मोजणारा गर्दीत लोंबकळतोय. कॅशियरला आपण एवढी सूट आनंदानं देऊ.

या सगळ्या कारभाराचं मर्म एका जागी आहे. बॅलन्सच्या चाकाचा आस दोन्ही टोकांना इतका निमुळता केलेला असतो की टोकाची जाडी जेमतेम 1 मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी, म्हणजे केसाच्या आसपास. जाड ठेवला तर घर्षण वाढून वेळ चुकते. बारीक केला तर घड्याळ हातातून पडायचा अवकाश, टोक मोडलंच. पूर्वी घड्याळजींचा निम्मा धंदा ‘स्टाफ तुटला’, म्हणजे हा आस मोडला, यावर चालायचा. ते टोक माणकाच्या खोबणीत फिरतं. घड्याळावर लिहिलेले ‘17 ज्वेल्स’ ते हेच. लहानपणी आम्हाला वाटायचं, आत हिरे आहेत आणि घड्याळजी ते काढून घेतात. माणकं असतात खरी, पण कारखान्यात पिकवलेली.

पॅरिसचा थोर घड्याळजी ब्रेगे यानं अठराव्या शतकाच्या अखेरीसच या माणकाला स्प्रिंगवर बसवून पाहिलं होतं. फ्रेंच मुत्सद्दी तालेराँ यांच्या मैफलीत त्यानं आपलं घड्याळ मुद्दाम जमिनीवर फेकून दाखवलं, असं सांगतात. पण ही युक्ती घरोघरी पोचली ती 1930च्या दशकात, ‘इन्काब्लॉक’ नावानं. 1934 साली सोवार प्राइमात इन्काब्लॉक बसवलं आणि ते जगात सर्वांत आधी आपणच, असं कंपनी सांगते.

त्यात माणकं उतरत्या काठाच्या एका वाटीत बसवलेली असतात आणि वर इवलीशी सोनेरी स्प्रिंग त्यांना दाबून धरते. ग्रीक वीणेच्या आकाराची, असं तिचं वर्णन करतात. मला तिच्यात घोड्याचा नाल दिसतो. धक्का बसला की माणकं अंग चोरून सरकतात. त्यांच्यासोबत आसही सरकतो, पण थोडासाच. लगेच त्याचा जाड खांदा बाजूच्या धातूच्या भिंतीला टेकतो आणि मार तो खातो, नाजूक टोक नाही. मग स्प्रिंग माणकांना दाबते आणि वाटीच्या उतारावरून ती आपोआप मधोमध येतात. घड्याळाला धक्क्याची कसोटी लावतात ती साधारण 1 मीटरवरून कडक लाकडावर पडण्याएवढी. कमरेच्या उंचीवरून फरशीवर पडलेलं घड्याळ उचलून कानाला लावावं आणि ते चालूच असावं, हा आनंद ज्यानं घेतलाय त्यालाच कळेल.

धक्क्याचा दुसरा, फार श्रीमंती तोडगा मात्र हिंदुस्थानात सुचला. 1930च्या हिवाळ्यात सेझार द ट्रे हा घड्याळांचा व्यापारी इथे आला होता. पोलो खेळणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांनी त्याच्याकडे काचा फुटल्याची तक्रार केली. त्यातून जेजे-लकुल्त्रचं ‘रिव्हर्सो’ जन्मलं. 4 मार्च 1931ला पॅरिसमध्ये त्याच्या पेटंटचा अर्ज झाला. खेळायच्या आधी डबी चौकटीतच सरकवून उलटी करायची, म्हणजे पोलादी पाठ बाहेर आणि काच आत. आज त्याची किंमत लाखांत आहे आणि आहेही ते देखणं. पण ते धक्क्याला पाठ दाखवतं. माझा स्वार धक्का अंगावर घेतो आणि आतल्या आत सरकून जागेवर येतो. माझं मन कुठे आहे ते सांगायला नको.

माझ्या घड्याळाचं डायल चहाच्या डागासारखं पिवळं पडलंय, सहाच्या आकड्याजवळ रंग उडालाय. पुन्हा रंगवून कोरं करकरीत मिळेल, पण मी करत नाही. असली रंगवलेली जुनी घड्याळं इथून इतकी बाहेर गेली की जगभरचे संग्राहक त्यांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणून हिणवतात. 

गेल्या पावसाळ्यात सर्व्हिसिंगला दिलं होतं. परत देताना घड्याळजींनी चावी भरली, कानाला लावलं, मान डोलावली.

“काका, आता हे घालून सकाळची फास्ट पकडायला हरकत नाही ना?”

“स्टाफला काही होणार नाही. आत नाल बसलाय ना तुमचा.” मग अंगठ्याच्या नखानं काचेवर टकटक केली. “हिचं काय? हिला कसली स्प्रिंग? मागच्या वेळी जुन्या डब्यात शोधून बसवली होती. आता नाही मिळायची, साहेब.”

तेव्हापासून डोंबिवलीला इंडिकेटर लागला की मी पट्टा मनगटावर फिरवतो आणि डायल आतल्या बाजूला घेतो. परवा शेजारी उभ्या असलेल्या आजोबांनीही तेच केलं. त्यांच्या हातात एचएमटी होतं.