परवाना २०० तासांवर, कॅप्टनची खुर्ची १५०० वर

रायपूरच्या मुलांना वैमानिकी शिकायला जवळचं ठिकाण म्हणजे हावडा-मुंबई रेल्वेमार्गावरचं गोंदिया. तिथल्या बिरसी विमानतळावर प्रशिक्षण संस्था आहे. व्यावसायिक परवान्याला २०० तासांचं उड्डाण लागतं. त्यातले १०० तास विमानाची सगळी जबाबदारी शिकाऊ वैमानिकावर. एक फेरी किमान ३०० सागरी मैलांची, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून! खरा कस इथेच लागतो.

कॅप्टनपदासाठीचा एटीपीएल परवाना १५०० तासांनंतर. अमेरिकेत सहवैमानिकालाही साधारण तेवढेच लागतात. म्हणून तिथले अनेक तरुण आधी प्रशिक्षक होऊन तास जमवतात.

प्रत्येक तास लॉगबुकात खरा उतरायलाच हवा. शिवाय भारतात शिस्तीचा नियमही आहे: उड्डाणाआधी १२ तास मद्य वर्ज्य.